भिंतीबाहेरचं टोक

त्या वर्षी धुकं लवकर उतरलं आणि आलं ते बसूनच राहिलं. नदीकाठची शेतं, गाडीवाट, वाटेवरचा हातपंप, सगळं दुपार कलेपर्यंत पांढरं. समोरून माणूस यायचा तोही आधी खोकला, मग काठी, मग टोपी, असा हप्त्याहप्त्यानं. अशा हवेत ओल्या भिंती वाळत नाहीत, आणि काकूंचा सगळा जीव त्या भिंतींत अडकला होता.

गावाबाहेर नदीच्या अंगाला धान्याचं जुनं गोदाम होतं. धान्य गेलं, उंदीर राहिले, आणि मागच्या उन्हाळ्यात बेघर बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं तिथं चार बायका आणून ठेवल्या. चौघी बाजारगावातल्या पत्र्याच्या शेडखाली राहायच्या. दुकानं बंद झाली की त्यांचं घर उघडायचं. त्यातली थोरली सगळ्यांत वयस्कर. तिचे गुडघे जास्त बोलायचे, ती कमी. दुसरीला सगळ्या कात्री म्हणायच्या; ती कधीकाळी शिंप्याकडे कापड कापायची, आता तोंडानं माणसं कापायची. मुकी काही जन्माची मुकी नव्हती. कुणी चहा सोडतं तसं तिनं मध्येच कधीतरी बोलणं सोडलं होतं. आणि चौथी धाकटी, दिवसा कशालाही हसणारी आणि झोपेत रडणारी.

या चौघींवर देखरेखीला काकू. नवरा गेला तेव्हापासून शाळेत स्वयंपाक करायच्या, शाळा बंद पडली तशा इथे आल्या. पहाटे यायच्या, दिवे लागले की जायच्या. जाताना रोज बजावायच्या, "आतून कडी घाला. कुणी कितीही हाका मारू दे, दार उघडायचं नाही. मी मारली तरी नाही." आणि दिवसातून एकदा तरी त्यांच्या तोंडी यायचं, "माझं काय, मला आपलं घर आहे हो गावात." घर भावाचं होतं, पण एवढं लांब वाक्य त्या बोलत नसत.

उन्हाळाभर बायका मोठ्या दालनात ओळीनं जमिनीवर झोपल्या. मग संस्थेच्या लक्षात आलं की नुसतं छप्पर म्हणजे घर नव्हे. प्रत्येकीला स्वतःची खोली हवी, खोलीला दार, दाराला कडी, आत खाट आणि फळी. हे सांगायला शहाण्या माणसांची बैठक लागली, पण सांगितलं हे बरं केलं. गोदामासाठी मूळ अर्ज केला तेव्हा शेडखाली पाच जणी होत्या, म्हणून खोल्या पाच मंजूर झाल्या. अट एकच. तपासणीच्या बाई येतील तेव्हा प्रत्येक खोलीत कुणीतरी राहत असलं पाहिजे. एकही ओस दिसली तर मदत बंद आणि गोदाम परत व्यापाऱ्यांना. व्यापारी टपूनच बसले होते. येताजाता गाडी थांबवून भिंतीकडे बघायचे आणि तोंडातल्या तोंडात पोती मोजायचे.

काम बायकांनीच केलं. गवंडी एक, म्हातारा, बाकी मजूर म्हणजे याच चौघी. कात्री आणि मुकी नदीवरून वाळू आणायच्या, थोरली बसल्या जागी विटा भिजवून द्यायची, धाकटी घमेली वाहायची. धुक्यात हात गारठायचे आणि चुन्यानं बोटांना भेगा पडायच्या. दुपारी जेवताना मीठ लागलं की चौघी एकदम हात झटकायच्या आणि मग एकमेकींकडे बघून हसायच्या.

"ओळंबा बघ गं, ओळंबा," गवंडी धाकटीला म्हणायचा. "भिंत माणसासारखी असते. आधी केसभर कलते तेव्हा कळत नाही."

"मग तुम्ही कधी कललात, मिस्तरी?" कात्री विचारायची.

"मी? लग्नात. त्यानंतर कुणी ओळंबा लावायची हिंमत केली नाही."

काकू मधूनमधून भिंतीला तळवा लावून बघायच्या. भिंत गार आणि ओली असायची, ताप उतरलेल्या माणसाच्या कपाळासारखी. शेवटची, नदीच्या बाजूची खोली त्यांनी स्वतः सारवल्यागत पुसून काढली. तिथली फळी गवंड्याकडून जरा रुंद करून घेतली. कुणासाठी, ते बोलल्या नाहीत.

दारं बसली, कड्या बसल्या. त्या संध्याकाळी काकूंनी चौघींना आपापल्या खोलीत घातलं आणि मन भरून घरी गेल्या.

पहाटे आल्या तर गोदामाचं मोठं दार सताड उघडं.  धुक्यात चार पावलं टाकली तर पायाला काहीतरी लागलं. अंगणात, उघड्यावर, चौघी ओळीनं निजल्या होत्या. पांघरुणांवर दव साचून पांढरी साय धरली होती आणि त्या खालून एकीचाही श्वास ऐकू येत नव्हता.

"अगं बायांनो!" काकू ओरडल्या.

पांघरुणं हलली. चारही एकदम, जणू एकच माणूस कुशीवर वळलं. मग काकूंना दिसलं. थोरलीच्या घोट्याला दोरी होती, ती कात्रीच्या घोट्याला गेली होती, तिथून मुकीच्या, तिथून धाकटीच्या. आणि धाकटीच्या पलीकडे, मोकळ्या जमिनीवर, दोरीचं एक कडं नुसतंच पडलं होतं. घोट्याएवढं.

"मी तुम्हाला दारं दिली, कड्या दिल्या, आणि तुम्ही मातीत येऊन झोपता? देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच."

"काकू, तुम्ही रागावू नका," थोरली उठून बसली. तिचे गुडघे कुरकुरले. "आत कळत नाही हो, कोण आहे नि कोण नाही."

"भिंतीपलीकडे आहेत की सगळ्या."

"ते तुम्हाला माहीत. झोपेत पायाला माहीत नसतं."

मग थोरलीनं सांगितलं. शेडखाली त्या अशाच झोपायच्या. बाईला उचलून नेणारे आवाज करत नाहीत, म्हणून दोरी. एकीला ओढलं की सगळ्या जाग्या. झोपण्याआधी थोरली एक झटका द्यायची, म्हणजे ‘आहेस का’. तो एकीकडून दुसरीकडे जायचा आणि टोकाला पोचला की उलटा एक झटका यायचा, ‘आहे’. त्यावरच डोळे मिटायचे. दोरीवर कुणी खोटं बोलत नाही, तसा रिवाजच होता. आणि टोकाची जागा रस्त्याकडची, सगळ्यांत वाईट. ती पाचवी बाई घ्यायची. रोज, न सांगता. "टोक मी धरते," म्हणायची आणि आडवी व्हायची.

"मग ती कुठे आहे?"

 धाकटी दोरीशी चाळा करत राहिली.

"गेल्या थंडीत," कात्री शेवटी म्हणाली, आणि तिच्या आवाजाला धार नव्हती. "असंच धुकं होतं. सकाळी उठलो तर ती नाही. दोरी कापलेली नव्हती, काकू. सुटलेलीही नव्हती. कडं जसंच्या तसं, गाठ मारलेली. हे बघा केवढं आहे. यातून टाच निघते का? तुम्हीच सांगा."

काकूंनी ते कडं बघितलं. टाच निघाली नसती.

"चौकीत सांगितलं का?"

"सांगितलं. म्हणाले, बेपत्ता व्हायला आधी पत्ता लागतो."

काकू चुलीकडे गेल्या. चहाचं आधण ठेवलं.

त्या संध्याकाळी भावाच्या घरी गेल्या तर त्यांचं अंथरूण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून हलून मागच्या पडवीत गेलं होतं. वहिनी दारात उभी होती, चेहऱ्यावर साखर पेरलेली.

"वन्सं, तुम्हाला तिथे धूर व्हायचा ना, म्हणून म्हटलं मोकळ्या हवेत बरं."

"बरं केलंस, वहिनी."

"आणि ती ट्रंक जरा जागा अडवते हो. यंदा खत ठेवायला जागा नाही. काही सोय होते का बघा ना, तुमच्या त्या गोदामात. एवढ्या खोल्या बांधताय म्हणतात."

भाऊ आत जेवत होता. त्याचा घास तोंडाशी थांबला, मग पुढे गेला. घर फिरलं की घराचे वासे फिरतात, तिथे भाऊ तर काय, वाशासारखाच सरळ आणि मुका. काकू पडवीत आडव्या झाल्या. कौलांच्या फटीतून धुकं आत येत होतं. पण त्यांना आज त्याचं फारसं वाटलं नाही. शेवटच्या खोलीची फळी रुंद होती. त्यांच्या ट्रंकेच्या मापाची होती.

हिशेब सरळ होता. पाचवी बाई नाही, खोली ओस राहिली तर सगळ्यांचंच घर जातं. मग काकूच तिथे राहिल्या तर कुणाचं काय बिघडतं? फक्त हे तोंडानं म्हणायला जड होतं. जन्मभर "मला आपलं घर आहे" म्हणणारीनं, मलाही खोली द्या, हे कसं म्हणायचं? ‘तुमच्यासाठी करते हो, खोली ओस नको’, असं म्हणता येईल, असं त्यांनी योजलं.

पण त्याआधी चौघींना आत झोपवायला हवं होतं. सकाळी काकूंनी गवंड्याला गाठलं.

"मिस्तरी, भिंतीला खाली अर्ध्या विटेचं भोक पाडता येईल?"

"भोक बुजवायला बोलावतात मला, काकू. पाडायला पहिल्यांदाच."

"दोरी जाण्यापुरतं. थोरलीला विचारा कुठे ते."

थोरलीनं सांगितलं, "प्रत्येक भिंतीला." एवढं सांगून ती दोरी आणायला गेली. गवंडी सरळ माणूस. त्यानं छिन्नी घेतली आणि एका टोकापासून सुरुवात केली. संध्याकाळी काकू शेवटच्या खोलीत गेल्या तर पायाला गार वारा लागला. नदीकडच्या भिंतीलाही, जमिनीलगत, नीटनेटकं चौकोनी भोक होतं. पलीकडे धुकं.

"अहो मिस्तरी! ही बाहेरची भिंत!"

"‘प्रत्येक भिंतीला’ म्हणाली ती. बाहेरची भिंत काय भिंत नव्हे?" गवंडी थापी धूत म्हणाला. "आता पुढल्या खेपेला बुजवतो. आज माल संपला."

त्या रात्री चौघी आत झोपल्या. पहाटे काकू आल्या तेव्हा मोठं दार बंद होतं, आणि कडी काढायला धाकटी आली ती चक्क जांभई देत. शेडखालची बाई जांभई देत नाही. तिला झोपच लागलेली नसते, जांभई कुठून येणार. काकूंना आनंदानं भरून आलं.

"झोपलात?"

"मेल्यासारख्या," कात्री म्हणाली.

"उलट झटकासुद्धा आला," धाकटी हसत म्हणाली.

"कुणाचा?"

"टोकाचा."

"टोक म्हणजे तूच ना? चौथी खोली तुझी. शेवटची रिकामी आहे."

धाकटीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, विसरल्यासारखं. "मी सवयीनं पुढे झटका दिला, काकू. रिकाम्या कड्याला. तर उलटा आला."

काकू तडक शेवटच्या खोलीत गेल्या. धाकटीच्या भिंतीतून आलेली दोरी खोलीच्या मधोमध जमिनीवरून जात होती आणि बाहेरच्या भिंतीच्या भोकात शिरली होती. कडं आत नव्हतंच. दोरी ताणलेली होती. काकू बघत होत्या तेवढ्यात ती सैल पडली, हलकेच, कुणी पाय जवळ घ्यावा तशी.

"कुत्रं असेल," काकू मोठ्यानं म्हणाल्या. मागे चौघी दारात उभ्या होत्या. 

वळसा घालून काकू बाहेरच्या बाजूला गेल्या. गवत दवानं पांढरं झालं होतं, सरसकट, नदीपर्यंत. फक्त भिंतीलगत एक पट्टा कोरडा होता. बाईच्या लांबीचा. येण्याजाण्याची एकही खूण नव्हती, ना पावलांची ना पंज्यांची. कडं पट्ट्याच्या पायथ्याशी पडलं होतं. काकूंनी ते उचलून आत सारलं, भोकात गवताचा बोळा कोंबला आणि चुलीशी येऊन बसल्या. दिवसभर त्यांना पाठीमागं कुणीतरी आहे असं वाटत राहिलं. मुकीनं एकदा त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर किंचाळल्या.

दुसऱ्या पहाटे बोळा बाहेर पडलेला होता, कडं बाहेर होतं आणि पट्टा कोरडा होता.

"तुम्ही कुणी बाहेर टाकता काय ते कडं?" काकू थोरलीवर चिडल्या.

"हो, मी टाकते," थोरली शांतपणे म्हणाली. "कुणी येत असेल तर तिला पायात घालायला नको? इतकी वर्षं टोक धरलं तिनं."

"आणि ती आली तर? आत घेणार?"

"खोली तिचीच आहे की, काकू. अर्जात होती ती."

 काकूंना भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा राग जास्त आला. जिवंत माणसाला जागा मिळेना, आणि जी गेली तिच्यासाठी खोली राखून ठेवायची! हा विचार मनात आला तसा त्यांचा त्यांनाच आवडला नाही.

तपासणीच्या बाई येणार असा निरोप आला, तसं काकूंनी ठरवून टाकलं. आदल्या संध्याकाळी वहिनीला म्हणाल्या, "मला तिथे खोली मिळालीय. देखरेखीला माणूस लागतंच ना कायम. उद्यापासून तिकडेच राहीन."

"अगंबाई! छानच झालं की," वहिनी म्हणाली, आणि इतक्या लगबगीनं ट्रंकेची दुसरी कडी धरली की काकूंना हसावं की रडावं कळेना.

पहाटे काकू हातगाडीवर ट्रंक घालून निघाल्या. धुक्यात चाकांचा आवाज त्यांच्या पुढूनही यायचा आणि मागूनही. गोदामाशी पोचल्यावर मोठ्या दाराकडे न जाता त्या आधी मागच्या बाजूला गेल्या. स्वतःची खोली घेण्याआधी तो पट्टा एकदा पाहून घ्यावा, असं मनानं घेतलं.

पट्टा आज रिकामा नव्हता.

भिंतीला पाठ लावून एक बाई मुटकुळं करून निजली होती. डोक्याखाली चपला. उजव्या घोट्यात कडं.  बाईनं डोळे उघडले. तरुण होती, ओठ निळे पडलेले, गालावर जुन्या मारानं पिवळा झालेला डाग. ती काही ती पाचवी नव्हती. साधं हाडामांसाचं माणूस होतं, आणि थंडीनं मरायला टेकलं होतं.

"मारू नका," ती म्हणाली. "उठते मी."

"किती दिवस झोपतेस इथे?"

"कालच आले. आधी दुसरी बाई होती इथे."

"कुठली दुसरी?"

"मला काय ठाऊक? मी नदीवरून येत होते, काही दिसत नव्हतं. ती इथे निजली होती. मला बघून उठली. म्हणाली, ये, जागा गरम आहे. मग स्वतःच्या पायातलं कडं काढून माझ्या पायात घातलं."

"काढलं कसं? गाठ तर—"

"काढलं एवढं खरं. आणि म्हणाली, आता टोक तू धर. अंधारात आतून एक झटका आला. ती म्हणाली होती तसा मी उलटा दिला. मग झोप लागली. लई दिवसांनी."

काकूंनी तिला हात देऊन उठवलं. हात बर्फासारखा होता. आपली शाल तिच्याभोवती गुंडाळली आणि तिला दारापर्यंत आणलं. आत थोरलीनं सगळं ऐकलं, ‘टोक तू धर’ ऐकल्यावर तोंडावर हात ठेवला. मुकी उठली, नव्या बाईचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि चोळत बसली. धाकटी म्हणाली, "म्हणजे ती बरी आहे ना?" 

"हिला शेवटच्या खोलीत निजवा," काकू म्हणाल्या.

हे वाक्य त्यांच्या तोंडून सहज गेलं. मग त्यांना हातगाडी आठवली. त्या बाहेर गेल्या, ट्रंक एकटीनं उतरवली आणि ओढत स्वयंपाकघरात नेऊन लाकडांच्या मागे ठेवली. कंबरेत कळ आली तेव्हा जरा थांबल्या, एवढंच.

तपासणीच्या बाई दुपारी आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. प्रत्येक खाटेवर बसून बघितलं, प्रत्येकीला नाव न विचारता आधी बरं वाटतं का ते विचारलं. पाचही खोल्या भरलेल्या बघून त्यांचा चेहरा खुलला. शेवटच्या खोलीत नवी बाई दोन पांघरुणांखाली घोरत होती, आणि त्यांनी चपला काढून, चवड्यांवर चालत, कडी बघितली आणि त्या परत फिरल्या.

"ही भोकं मात्र बुजवा हं. थंडी शिरेल. आणि बाहेरच्या भिंतीला कशाला हो?"

"गवंड्याची चूक. बुजवून घेते उद्या."

"आणि तुम्ही, काकू? तुमची राहायची काही सोय हवी का? आता पुढच्या मागणीत घालता येईल."

स्वयंपाकघरात लाकडांच्या मागे ट्रंक होती. तिचा एक पत्र्याचा कोपरा दिसत होता. काकूंनी त्या कोपऱ्याच्या पुढे उभं राहत म्हटलं, "छे हो! मला आपलं घर आहे गावात."

दिवे लागले तशा काकू रोजच्यासारख्या निघाल्या. मागे कडी पडल्याचा आवाज झाला. भावाच्या घरी पडवीत त्यांच्या अंथरुणाच्या जागी खताची पोती रचलेली होती, भिंतीपासून दारापर्यंत, अगदी मापात. इतकं झटपट काम त्या घरात कधी झालं नव्हतं.

"काय हो वन्सं? काही विसरलं का?" वहिनी म्हणाली.

आतून भावानं वाटी ठेवल्याचा आवाज आला. तो बाहेर येईल म्हणून काकू क्षणभर थांबल्या. तो आला नाही.

"पांघरूण राहिलं होतं एक. तेवढं न्यायला आले."

पांघरूण खांद्यावर टाकून त्या परत धुक्यात शिरल्या. कुठे जातोय याचा विचार न करता पाय चालत होते आणि पाय गोदामाशीच येऊन थांबले. आत धाकटी कशालातरी हसत होती. हाक मारली तर दार उघडलं जाणार नव्हतं. तशी शिकवण काकूंचीच. आणि मारायची कशी? काय म्हणून? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण काखेतला कळसाही मागून घ्यावा लागतो, तो मागायला त्यांची जीभ उचलेना.

त्या वळसा घालून मागे गेल्या. नवी बाई सकाळपासून आत होती, तरी भिंतीलगतचं गवत दवानं भिजलं नव्हतं. कडं बाहेर पडलेलं होतं. थोरलीनं आजही दोरीला आणखी लांबी देऊन टोक बाहेर सोडलं होतं. काकूंनी वाकून जमिनीवर हात ठेवला.

जमीन गरम होती. नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी.

 त्यांनी धुक्यात पाहिलं, नदीकडे, शेताकडे. "कोण आहे?" असं विचारलं, अगदी हळू. कुणी नव्हतं, किंवा होतं ते बोललं नाही. पळून जावंसं वाटलं, पण पळून जायला सुद्धा एक जागा लागते. आणि नवरा गेल्यापासून एवढ्या वर्षांत त्यांच्यासाठी जागा गरम करून ठेवणारं हे पहिलंच कुणीतरी होतं. त्या खाली बसल्या, भिंतीला पाठ लावली. मग चप्पल काढून कड्यात पाय घातला. कडं लहान होतं, टाच जाईल असं वाटत नव्हतं, पण गेली.

बराच वेळ काही झालं नाही. मग घोट्याला एक झटका बसला.

आहेस का?

काकू गोठून बसल्या. उत्तर दिलं नाही तर आत समजतील, आज टोकाला कुणी नाही. सकाळी त्या मोठ्या दारातून रोजच्यासारख्या आत जातील, घरून आल्यासारख्या, आणि कुणाला काही कळणार नाही. पाय हलवायचा नाही, एवढंच करायचं होतं.

दुसरा झटका आला. जरा जोरात, काळजीनं.

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी दात आवळले, आणि पाय जवळ ओढला. एकदाच.

दोरी सैल पडली. आत सगळं शांत झालं. मग पहिल्या खोलीची कडी वाजली, दुसरीची, तिसरीची, आणि मोठ्या दाराचा करकराट झाला. धुक्यातून कंदिलाचा पिवळा गोळा वळसा घालून येत होता, त्याच्या मागे पावलं, आणि सगळ्यांच्या पुढे कुरकुरणारे गुडघे. थोरलीनं कंदील खाली धरून काकूंच्या घोट्याकडे बघितलं, मग तोंडाकडे बघितलं.

"ऊठ," ती म्हणाली. "किती उशीर केलास गं. तुझी ट्रंक तू निघालीस तेव्हाच माझ्या फळीवर ठेवलीय."